ग्रीन कार्डसाठी टॅक्स रिटर्न आणि पोलीस क्लिअरन्स: कोणाचं, कुठलं, कशासाठी

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक झाली की घरात आई-बाबांच्या ग्रीन कार्डचा विषय निघतोच. मग सल्ले सुरू होतात. एक जण सांगतो, बाबांची तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न्स काढून ठेवा. दुसरा सांगतो, पोलीस ठाण्यातून चारित्र्याचा दाखला आणा. तिसरा म्हणतो, यातलं काहीच लागत नाही, आमच्या मेव्हण्याला कुठे लागलं? तिघेही मनापासूनच सांगत असतात. पण प्रत्येकाचा रस्ता वेगळा होता, आणि एका रस्त्याची यादी दुसऱ्या रस्त्याला चालत नाही. या ऐकीव याद्यांपायी लोकांचे महिनोन्‌महिने वाया जातात, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. हे दोन कागद तुम्ही श्रीमंत आहात किंवा साधुसंत आहात हे ठरवण्यासाठी मागत नाहीत. तुम्ही एका खात्याला जे सांगितलं, तेच दुसऱ्या खात्यालाही सांगितलंय का, हे ते ताडून बघतात. टॅक्सच्या फॉर्मवर लिहिलेलं उत्पन्न, लग्नाची तारीख, घरातली माणसं, कुठल्या देशात किती वर्षं राहिलात, कधी अटक झाली का, या सगळ्याचा मेळ बसला की फाइल पुढे सरकते. बसला नाही की प्रश्न सुरू होतात.

कुठला कागद लागणार हे दोन गोष्टींवर ठरतं. पहिली, अर्जदार अमेरिकेच्या बाहेर आहे की आत. आई-बाबा पुण्यात किंवा सांगलीत असतील, तर मुलाने भरलेला आय-130, म्हणजे नात्याच्या आधारावर बोलावण्याचा अर्ज, मंजूर झाल्यावर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे फी भरायची, इमिग्रंट व्हिसासाठी, म्हणजे कायमचं राहायला जायच्या व्हिसासाठी, डीएस-260 हा ऑनलाइन फॉर्म भरायचा, कागद अपलोड करायचे. मुलाखत मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्स्युलेटमध्ये होते. या रस्त्यावर पोलीस क्लिअरन्स लागतंच. अर्जदार आधीपासून कायदेशीरपणे अमेरिकेत असेल आणि तिथूनच आय-485, म्हणजे देशात राहून ग्रीन कार्ड मागायचा अर्ज, भरत असेल, तर परदेशातलं पोलीस सर्टिफिकेट सहसा मागत नाहीत. त्याऐवजी बोटांचे ठसे घेऊन एफबीआयकडून तपासणी होते. मेव्हण्याला काही लागलं नाही ते यामुळे.

दुसरी गोष्ट, अर्ज नात्याच्या जोरावर आहे की नोकरीच्या. नात्याचा असेल तर टॅक्सचे कागद बोलावणाऱ्याचे, म्हणजे स्पॉन्सरचे लागतात. नोकरीचा असेल तर कंपनीचे. पुण्यात बसलेल्या बाबांचं भारतातलं आयटी रिटर्न या अर्जासाठी एरवी कोणी बघत नाही. त्यांच्या मालमत्तेचा आधार घ्यायची वेळ आली, तरच त्याचा थोडाफार उपयोग होतो.

सही करण्याआधी आय-864 वाचा

नात्यातल्या ग्रीन कार्डचा सगळ्यात जड कागद म्हणजे फॉर्म आय-864, अ‍ॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट. नाव अ‍ॅफिडेव्हिट असलं तरी तो सरकारशी केलेला करार आहे. मी ज्या व्यक्तीला बोलावतोय ती सरकारवर बोजा होणार नाही, तिचा खर्च मी उचलेन, असं स्पॉन्सर त्यात लिहून देतो. ही जबाबदारी कधी संपते? बोलावलेली व्यक्ती अमेरिकेची नागरिक झाली, किंवा तिच्या नावे कामाच्या 40 तिमाही, म्हणजे साधारण दहा वर्षं जमा झाली, किंवा ती ग्रीन कार्ड सोडून देशाबाहेर गेली, किंवा मृत्यू झाला, तर. घटस्फोटाने ती संपत नाही. नवरा किंवा बायको बोलावताना ही ओळ फार कमी लोक वाचतात, आणि मला ते काळजीचं वाटतं.

स्पॉन्सर अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा, 18 वर्षांचा असावा आणि त्याचं घरदार अमेरिकेत असावं. त्याचं उत्पन्न त्या वर्षीच्या केंद्रीय गरिबीरेषेच्या निदान 125 टक्के हवं. सैन्यात सक्रिय सेवेत असलेल्याने जोडीदाराला किंवा मुलाला बोलावलं तर 100 टक्के पुरतं. हे आकडे दरवर्षी बदलतात आणि आय-864पी या तक्त्यात छापलेले असतात.

एक उदाहरण घेऊ. न्यू जर्सीत राहणारा मुलगा, त्याची बायको आणि एक लेक. तो आई आणि बाबा दोघांना बोलावतोय. नागरिकाच्या आई-बाबांपैकी प्रत्येकासाठी आय-130 वेगळा आणि आय-864 सुद्धा वेगळा, कारण इथे एकाच्या अर्जाला दुसऱ्याला जोडता येत नाही. घरातली माणसं मोजताना पाच धरली, तर 2025 च्या तक्त्याप्रमाणे उत्पन्न निदान 47,062 डॉलर हवं. अलास्का आणि हवाईचे आकडे याहून जास्त आहेत. टॅक्स रिटर्नमध्ये दाखवलेले इतर अवलंबून लोक आणि आधी आय-864 वर बोलावलेली, जबाबदारी अजून न संपलेली माणसंही यात येतात. चार वर्षांपूर्वी सासूबाईंना बोलावलं होतं, त्या आता धाकट्या मुलाकडे राहतात, म्हणून त्यांना मोजलं नाही, ही चूक अगदी नेहमीची.

आता मूळ मुद्दा, टॅक्सचा. आय-864 सोबत सगळ्यात अलीकडच्या वर्षाचं केंद्रीय टॅक्स रिटर्न लावावंच लागतं. त्याआधीच्या दोन वर्षांचं लावलं तर चालतं, सक्ती नाही. आधीच्या वर्षांत उत्पन्न चांगलं असेल आणि यंदा नोकरी बदलल्यामुळे कमी दिसत असेल, तर जरूर लावावं. राज्याचं रिटर्न नको.

रिटर्नची फोटोकॉपी लावायची की आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याचं, ट्रान्स्क्रिप्ट? माझं स्पष्ट मत आहे, ट्रान्स्क्रिप्ट. तुम्ही काय भरलं याची नोंद खुद्द टॅक्स खात्याने दिलेली असते. आयआरएसच्या वेबसाइटवर खातं उघडलं की ते फुकट मिळतं, किंवा फॉर्म 4506-टी भरून पोस्टाने मागवता येतं. ट्रान्स्क्रिप्ट लावलं की डब्ल्यू-2 (वर्षभराच्या पगाराचा दाखला) आणि 1099 (पगाराखेरीज मिळालेल्या पैशाचा दाखला) जोडायची गरज उरत नाही. फोटोकॉपी लावली तर मात्र ते सगळं, शिवाय प्रत्येक शेड्यूलसुद्धा लावावं लागतं. त्यातलं एखादं पान राहिलं की फाइल परत येते.

मग आकडा कुठला लिहायचा? फॉर्म 1040, म्हणजे केंद्रीय टॅक्स रिटर्नचा मुख्य फॉर्म, त्याची ओळ 9 काढा. तिथे एकूण उत्पन्न लिहिलेलं असतं. पगार, बँकेचं व्याज, डिव्हिडंड, धंद्याचा नफा, सगळं मिळून. आय-864 मध्ये रिटर्नचा आकडा म्हणून हाच जातो. बरेच जण डब्ल्यू-2 वरचा पगार लिहितात. काही जण दोन ओळी खालचं, वजावटी जाऊन उरलेलं उत्पन्न लिहितात. तपासणाऱ्याच्या समोर ट्रान्स्क्रिप्ट असतंच, त्यामुळे आकडा जुळला नाही की लगेच दिसतं. याखेरीज सध्याचं वार्षिक उत्पन्न वेगळ्या रकान्यात विचारतात. तिथे आजचा पगार लिहायचा आणि नोकरीचं पत्र आणि गेल्या सहा महिन्यांच्या पे-स्लिपा जोडायच्या.

स्वतःचा धंदा असलेल्यांनी इथे विशेष जपावं. रेस्टॉरंट असो, कन्सल्टिंग असो, टॅक्स वाचवायला शेड्यूल सी वर, म्हणजे रिटर्नच्या धंद्याच्या पुरवणीत, खर्च दाखवून नफा कमी केलेला असतो. उलाढाल दोन लाख डॉलरची आणि नफा 24,000. आय-864 साठी मोजतात तो नफा. बँकेत पैसा खेळतोय, हे सांगून भागत नाही. आई-बाबांना दोन वर्षांनी बोलवायचं ठरलं असेल, तर आपल्या सीपीएला, म्हणजे तिथल्या सीएला, ते आजच सांगून ठेवा.

उत्पन्न कमी पडलं तरी मार्ग आहेत. घरात राहणारी बायको किंवा भाऊ आय-864ए भरून आपलं उत्पन्न जोडू शकतात. दुसरा कोणी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जॉइंट स्पॉन्सर होऊ शकतो. त्याला नातेवाईक असण्याची अट नाही, पण तोही त्याच करारात तितकाच बांधला जातो, हे त्याला आधी नीट समजावून सांगावं. तिसरा मार्ग मालमत्तेचा. जेवढी तूट असेल तिच्या पाचपट किमतीची मालमत्ता दाखवावी लागते. नागरिकाचा जोडीदार किंवा सज्ञान मूल असेल तर तीनपट. कर्ज वजा जाता किती उरतं ते मोजतात, आणि वर्षभरात ती विकून पैसा हाती यायला हवा. बाबांचा कोथरूडचा फ्लॅट दाखवता येतो, पण त्याची किंमत आणि तो पैसा भारताबाहेर नेता येतो याचा पुरावा द्यावा लागतो.

रिटर्न भरलेलंच नसेल तर

त्या वर्षी उत्पन्न इतकं कमी होतं की कायद्याने रिटर्न भरायची गरजच नव्हती, असं असेल तर तसं लेखी स्पष्टीकरण आणि पुरावा जोडायचा. भरायची गरज होती आणि भरलं नाही, तर आधी उशिराचं रिटर्न भरायचं, त्याचं ट्रान्स्क्रिप्ट मिळवायचं आणि मगच आय-864 द्यायचा. आय-864 च्या सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

हा प्रश्न सगळ्यात जास्त कोणाला भोवतो? अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन पुण्याला किंवा बंगळूरला परत आलेल्यांना. पगार भारतात, टॅक्स भारतात कापला जातो, मग अमेरिकेत रिटर्न कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण अमेरिका आपल्या नागरिकाकडून तो जगात कुठेही राहत असला तरी रिटर्न मागते. भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे अनेकदा प्रत्यक्षात देणं काहीच निघत नाही, तरी फॉर्म भरावाच लागतो. पाच-सहा वर्षं हे राहून गेलं आणि मग बायकोला घेऊन परत जायचं ठरलं, की आय-864 पाशी सगळं अडतं. अजाणतेपणी राहून गेलं असेल तर आयआरएसची स्ट्रीमलाइन्ड नावाची सोय आहे. मागच्या तीन वर्षांची रिटर्न्स आणि सहा वर्षांचे परदेशी खात्यांचे रिपोर्ट भरून नियमात येता येतं. परदेशात राहणाऱ्या पात्र माणसाला त्यात दंडही माफ होतो. हे काम आठवड्याभराचं नाही, म्हणून आय-130 भरतानाच हाती घ्यावं. शिवाय भारतातून अर्ज करणाऱ्या स्पॉन्सरला आपण अमेरिकेत परत राहायला जातोय, हेही दाखवावं लागतं: नोकरीची ऑफर, घराचा करार, मुलांची शाळा.

लग्नाच्या अर्जात टॅक्सचा आणखी एक कोपरा आहे. लग्न नोव्हेंबरमध्ये साताऱ्यात झालं, बायको अजून इथेच आहे, आणि एप्रिलमध्ये नवऱ्याने सवयीने सॉफ्टवेअरमध्ये सिंगल निवडलं. टॅक्सच्या दृष्टीने 31 डिसेंबरला तुम्ही विवाहित होता की नाही, एवढंच बघतात. विवाहित माणसाला सिंगल म्हणून भरता येत नाही. आता एका सरकारी कागदावर तुम्ही अविवाहित आहात आणि दुसऱ्या कागदावर त्याच लग्नाच्या आधाराने बायकोला बोलावताय. मुलाखत घेणाऱ्याच्या मनात शंका यायला एवढं पुरतं. फॉर्म 1040-एक्स, म्हणजे सुधारित रिटर्न, भरून ते दुरुस्त करता येतं, आणि मुलाखतीआधी दुरुस्त केलेलं केव्हाही चांगलं.

तशीच चूक विद्यार्थ्यांची. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर गेलेली मुलं पहिली पाच कॅलेंडर वर्षं टॅक्सच्या दृष्टीने सहसा नॉन-रेसिडेंट असतात. त्यांनी 1040-एनआर, म्हणजे नॉन-रेसिडेंटचं रिटर्न, आणि फॉर्म 8843 भरायचा असतो. मित्राने सांगितलं म्हणून फुकटच्या सॉफ्टवेअरवर साधा 1040 भरून टाकतात आणि त्यांना न मिळणाऱ्या सवलतीही घेतात. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, ही हक्काची सवलत मात्र कित्येकांना माहीत नसते. ग्रीन कार्डची वेळ येईपर्यंत हे तसंच पडून राहतं. जुनं असलं तरी दुरुस्त करून ठेवा.

नोकरीवरून ग्रीन कार्ड

इथे आय-864 बहुधा लागत नाही. अपवाद असा, की अर्ज करणाऱ्या कंपनीत नातेवाइकाची पाच टक्के किंवा जास्त मालकी असेल तर लागतो. एरवी टॅक्सचा कागद कंपनीचा. कंपनी कर्मचाऱ्यासाठी भरते त्या आय-140 अर्जात, ठरलेला पगार द्यायची ऐपत प्रायॉरिटी डेटपासून, म्हणजे रांगेत नंबर लागल्याच्या तारखेपासून, कंपनीकडे आहे, हे तिने आपलं टॅक्स रिटर्न, वार्षिक अहवाल किंवा ऑडिट झालेले हिशेब देऊन दाखवायचं असतं. छोट्या कन्सल्टिंग कंपनीत काम करणाऱ्यांनी याची चौकशी करून ठेवावी, कारण रिटर्न कंपनीचं असलं तरी अडकणारी केस तुमची असते.

तुमची स्वतःची रिटर्न्स आणि डब्ल्यू-2 इथे वेगळ्या कारणाने बघितली जातात. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर ज्या कंपनीत काम करायला परवानगी होती तिथेच केलं का, सलग पगार मिळाला का. शनिवार-रविवार गाडी चालवून किंवा फ्रीलान्स करून मिळालेले पैसे 1099 वर येतात आणि तिथून रिटर्नमध्ये. परवानगी नसलेलं काम असं उघड होतं. म्हणून ते उत्पन्न रिटर्नमधून लपवायचं, हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याने एकाच्या दोन चुका होतात. नोकरीच्या अर्जदारांना शेवटच्या प्रवेशानंतर एकूण 180 दिवसांपर्यंतच्या अशा चुकांसाठी कायद्यात सवलत आहे. ती तुम्हाला लागू पडते का, हे वकिलाकडून तपासून घ्या.

पोलीस क्लिअरन्स: कुठल्या ऑफिसचं चालतं

महाराष्ट्रात पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मिळतं. नोकरीला, सोसायटीच्या वॉचमनला, ठेक्याला ते लागतं. अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसासाठी ते चालत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्याला हवं असतं ते पासपोर्ट ऑफिसने दिलेलं पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर, गोव्यात पणजी, ही ती ऑफिसं. पोलीस ठाण्यातून आणलेला दाखला घेऊन बीकेसीत गेलेल्या माणसाला पुन्हा सगळं करावं लागतं.

पासपोर्ट सेवाच्या वेबसाइटवर अर्ज भरायचा, देश म्हणून अमेरिका निवडायचा, 500 रुपये भरून अपॉइंटमेंट घ्यायची. सप्टेंबर 2022 पासून पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही पीसीसीचा अर्ज करता येतो, त्यामुळे गावाकडच्या माणसाला मोठ्या शहरात जायची गरज कमी झाली आहे. केंद्रात मूळ पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा बघतात. पासपोर्टची पोलीस तपासणी नुकतीच त्याच पत्त्यावर झालेली असेल, तर काहींना पीसीसी त्याच दिवशी हातात मिळतं. नाहीतर प्रकरण पोलीस ठाण्यात जातं, तिथला पासपोर्टचं काम बघणारा अंमलदार फोन करून बोलावतो किंवा घरी येतो. कागद बघतो, कधीकधी शेजाऱ्यांची सही मागतो. आई-बाबांच्या पासपोर्टवर गावचा पत्ता आणि मुक्काम मात्र पुण्यात, अशी अवस्था खूप घरांत असते. मग तपासणी गावच्या ठाण्यात जाते आणि घराला कुलूप असल्याचा शेरा येतो. अर्ज करण्याआधी पासपोर्टवरचा पत्ता नवा करून घेणं शहाणपणाचं. अर्जदार अमेरिकेत असेल आणि भारताचं पीसीसी हवं असेल, तर ते तिथल्या भारतीय कॉन्स्युलेटकडून व्हीएफएसमार्फत मिळतं.

कोणाला लागतं? मुलाखतीपर्यंत 16 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला. ज्या देशाचे नागरिक आहात तिथे सहा महिन्यांहून जास्त राहिला असाल, तर त्या देशाचं. सध्या राहता तो देश वेगळा असेल आणि तिथे सहा महिन्यांहून जास्त झाले असतील, तर त्याचंही. याखेरीज 16 वर्षांचे झाल्यावर ज्या कुठल्या देशात 12 महिने किंवा जास्त काढले, त्या प्रत्येकाचं. आणि कुठेही कधीही अटक झाली असेल, तर तिथलं, मग वय आणि मुक्काम काहीही असो. अमेरिकेत राहिलेल्यांनी अमेरिकेचं पोलीस सर्टिफिकेट आणायची गरज नाही.

कोकणातल्या घरांना यातला 12 महिन्यांचा नियम नीट समजायला हवा. रत्नागिरी, रायगडमधले कितीतरी जण मस्कत, कुवेत, दुबई करून आलेले असतात. बाबांनी कुवेतमध्ये आठ वर्षं नोकरी केली, त्याला आता पंचवीस वर्षं झाली, कंपनीही बंद पडली. तरी नियम लागू आहे. प्रत्येक देशाचं सर्टिफिकेट मिळतं का, कुठून मिळतं, बोटांचे ठसे लागतात का, हे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या वेबसाइटवर देशवार दिलेलं असतं. त्या पानाला रेसिप्रॉसिटी शेड्यूल म्हणतात. एखाद्या देशाचं मिळतच नाही असं तिथे लिहिलं असेल, तर ते मागत नाहीत. भारताचं पीसीसी दोन-चार आठवड्यांत होईलही, पण आखातातल्या जुन्या सर्टिफिकेटला महिने लागू शकतात. म्हणून सुरुवात तिथून करावी. जुना पासपोर्ट, त्यावरचा व्हिसाचा शिक्का, तिथल्या ओळखपत्राचा नंबर, जे हाती असेल ते शोधून ठेवा.

पोलीस सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं. पण आधी राहिलेल्या देशाचं असेल आणि ते मिळाल्यानंतर तिथे परत गेलेले नसाल, तर जुनंही चालतं. अपलोड केलं तरी मुलाखतीला मूळ कागद न्यावा लागतो. भावंडांच्या, म्हणजे एफ-4 च्या रांगेत भारतीयांना पंधरा-वीस वर्षं थांबावं लागतं, तेव्हा पीसीसी आज काढून ठेवण्यात काही अर्थ नाही. नॅशनल व्हिसा सेंटरचं पत्र आल्यावर काढावं.

नावाचं एक सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे ते फार होतं. आईचं माहेरचं नाव मंदाकिनी, लग्नात बदलून स्मिता झालं, आडनाव बदललं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं. डीएस-260 मध्ये आजवर वापरलेली सगळी नावं विचारतात. सगळी लिहा. लग्नाचा दाखला, गॅझेट असेल तर गॅझेट, नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, हे जोडून ठेवा. आईची यात काही चूक नाही, आपल्या रीतीप्रमाणे नाव बदललं, पण बीकेसीतल्या अधिकाऱ्याला ते कागदावरूनच कळणार.

जुनी केस असेल तर

डीएस-260 आणि आय-485 दोन्हींत अटकेबद्दल विचारतात. केस सुटली, मागे घेतली, तडजोड झाली, नाव नोंदीतून काढलं, तरी कधी अटक झाली होती का, या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही. तरुणपणी मोर्च्यात धरलं आणि संध्याकाळी सोडलं, भावकीच्या भांडणात दोन्हीकडच्या सगळ्यांची नावं एफआयआरमध्ये आली, सुनेने दाखल केलेल्या 498-अ मध्ये सासू-सासऱ्यांना अटक होऊन पुढे निर्दोष सुटका झाली, अशी प्रकरणं आपल्याकडे चांगल्या घरांत असतात. ती सांगायची आणि कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत काढायची. निकाल मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर लावायचं, आणि भाषांतर बिनचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराचं सहीचं निवेदन सोबत जोडायचं.

प्रत्येक गुन्ह्याने ग्रीन कार्ड जात नाही. एकुलता एक किरकोळ गुन्हा, ज्याला कायद्यात एका वर्षाहून जास्त शिक्षा होऊच शकत नाही आणि प्रत्यक्षात सहा महिन्यांहून जास्त झालेली नाही, त्याला सूट आहे. अमली पदार्थांच्या बाबतीत कायदा फार कडक आहे. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्राच्या कायद्यात तो गुन्हाच आहे. पण खोटं बोलल्याची शिक्षा या सगळ्यांहून भारी पडते. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून दडवली किंवा खोटी सांगितली असं ठरलं, तर आयुष्यभराची बंदी येते आणि तीतून सूट फार थोड्यांना मिळते. ज्या मारामारीच्या केसने काहीही बिघडलं नसतं ती लपवून बंदी ओढवून घ्यायची, याहून वाईट सौदा नाही. एजंट म्हणाला नाही लिहा, तरी सही तुमची असते.

अमेरिकेत राहून आय-485 भरणाऱ्यांना पार्किंग किंवा वेगाच्या साध्या दंडाची धास्ती वाटते. अटक झाली नसेल आणि दंड 500 डॉलरहून कमी असेल किंवा फक्त लायसन्सवर पॉइंट लागले असतील, तर त्याचे कागद लागत नाहीत. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस असेल किंवा कोणाला इजा झाली असेल, तर मात्र कोर्टाचा अंतिम आदेश काढून ठेवा.

कार्ड हातात आल्यावर

आई-बाबा ग्रीन कार्ड घेऊन अमेरिकेत उतरले की त्या दिवसापासून ते अमेरिकेचे टॅक्स-रहिवासी. आता त्यांचं जगभरातलं उत्पन्न मोजलं जातं. बाबांची पेन्शन, एफडीचं व्याज, नाशिकच्या गाळ्याचं भाडं, म्युच्युअल फंड, सगळं. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त, अमेरिकेत नाही. भारतीय म्युच्युअल फंडांना तर फॉर्म 8621 चे किचकट नियम लागतात. भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट फॉर्म 1116 वर मिळतं. जाण्याआधी हा हिशेब कोणी समजावून सांगत नाही, आणि सत्तरीतल्या माणसाला दोन वर्षांनी दंडाची नोटीस बघायची वेळ येते, ते मला फार लागतं.

भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एक दिवस जरी 10,000 डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा रिपोर्ट, भरावा लागतो. निवृत्त जोडप्याच्या एफडी धरल्या तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. एफबारवर टॅक्स नाही, ती फक्त माहिती आहे. मुदत 15 एप्रिल, आणि न मागता 15 ऑक्टोबरपर्यंत वाढलेली असते. न भरल्यास दंड मोठा. चूक अजाणतेपणी झाली असेल तर तो दंड दर खात्यामागे नाही, दर वर्षाच्या रिपोर्टमागे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिला. आणि आईच्या बँक खात्यात सोयीसाठी ज्या मुलाचं नाव जॉइंट लावलेलं असतं, त्यालाही ते खातं आपल्या एफबारमध्ये दाखवावं लागतं, त्यात त्याचा एक रुपया नसला तरी.

काही जण सहा महिने इथे, सहा महिने तिथे राहतात आणि टॅक्स टाळायला रिटर्नमध्ये स्वतःला नॉन-रेसिडेंट म्हणवतात. असं करू नका. आपण अमेरिकेत कायमचे राहत नाही असं तुम्हीच लेखी दिल्यासारखं होतं, आणि ग्रीन कार्ड सोडल्याचा पुरावा म्हणून ते वापरता येतं. पुढे नागरिकत्वाचा फॉर्म एन-400 भरताना हाच प्रश्न थेट विचारतात: ग्रीन कार्ड मिळाल्यापासून कधी रिटर्नमध्ये स्वतःला नॉन-रेसिडेंट म्हटलंत का, आणि केंद्राचा, राज्याचा किंवा स्थानिक टॅक्स थकला आहे का. थकला असेल तर आयआरएसशी हप्ते ठरवून घ्या आणि ते वेळेवर भरत असल्याच्या पावत्या मुलाखतीला सोबत न्या.